जपानला जाताना शिष्टाचाराच्या याद्यांवर किती विश्वास ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांना घेऊन जपानला चालला आहात आणि ‘हे केलंत तर घोर अपमान’ अशा याद्या वाचून आई धास्तावल्या आहेत. टिप देऊ नका, सोया सॉसमध्ये वसाबी (झणझणीत हिरवी चटणी) कालवू नका, नूडल्स आवाज करूनच खा, अमुक अंशात वाका. यातलं खरं किती?

या याद्यांमध्ये खोटं फारसं नसतं, पण प्रमाण पार बिघडलेलं असतं. अंत्यविधीशी जोडलेली गोष्ट, कंपनीतल्या नवख्यांना शिकवायची गोष्ट आणि कुणीतरी अलीकडे जोडून दिलेली गोष्ट, तिन्ही एकाच आवाजात ‘अपमान’ म्हणून सांगितल्या जातात. जपानमध्ये शिष्टाचार शिकवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. एप्रिलमध्ये नवी भरती झाली की कंपन्या प्रशिक्षक बोलावतात, आणि त्यांतले काही जण नवे नियमही काढतात. साके (तांदळाची दारू) ओतताना सुरईची चोच वापरू नये, उलट बाजूने ओतावं, हा त्यातलाच एक. त्यावर जपानी लोकांनीच भरपूर टीका केली. असं काही इंग्रजी व्हिडिओत पोचलं की ते ‘प्राचीन परंपरा’ होऊन बसतं.

१५, ३० आणि ४५ अंशांचं वाकणंही याच प्रशिक्षणातलं. तुम्ही कुणाकडे माल विकायला जात नाही आहात. दुकानदाराने किंवा हॉटेलवाल्याने वाकून अभिवादन केलं की मान किंचित तुकवा, पुरे. हात मात्र जोडू नका, शरीरालगत सरळ राहू द्या. जपानमध्ये हात जोडतात ते देवळात आणि जेवणाआधी. जोडले गेलेच तर कुणी दुखावणार नाही, पण तो तिथला नमस्कार नव्हे.

चॉपस्टिकबद्दल पंधरा-वीस नियम सापडतील, त्यांतले दोनच खरोखर जड आहेत. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खुपसून ठेवायच्या नाहीत, आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. मृताच्या उशाशी जो भात ठेवतात त्यात चॉपस्टिक अशाच उभ्या असतात. दहनानंतर नातेवाईक अस्थी चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात, तेव्हा त्या एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये जातात. अस्थी सावडणं आपल्यालाही माहीत आहे, त्यामुळे जेवणाच्या ताटावर तसं काही दिसलं तर पोटात कसं होईल हे आईंना वेगळं समजवावं लागणार नाही. घास द्यायचा असेल तर समोरच्याच्या बशीत ठेवा. बाकी, लाकडी चॉपस्टिक एकमेकींवर घासणं वगैरे किरकोळ आहे. चॉपस्टिक जमत नसतील तर काटा-चमचा मागण्यात काहीच गैर नाही.

वसाबी सोया सॉसमध्ये कालवून खाणारे जपानी लोक भरपूर आहेत. काउंटरपलीकडे बसून सुशी करून देणारा आचारी घासात हवी तेवढी वसाबी आधीच घालतो, म्हणून तिथे आणखी कालवू नये, एवढंच. निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली, हाताने खाल्लेली चालते. सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा. भाताची बाजू बुडवली की भात सॉस शोषतो आणि घास सुटतो. नूडल्सचं ‘आवाज केला नाही तर आचाऱ्याचा अपमान’ हे तर सपशेल चूक. सोबा किंवा रामेन या नूडल्स सुर्र करून ओढलेले चालतात, सक्ती कुणाचीच नाही.

टिपने अपमान होत नाही, गोंधळ होतो. ती पद्धतच नाही, त्यामुळे टेबलावर राहिलेले पैसे विसरलेले समजून वेटर तुमच्यामागे धावत येतो. उलट पारंपरिक जपानी निवासगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना पाकिटात घालून थोडे पैसे देण्याची जुनी रीत आहे. बंधनकारक नाही, पण द्यायचे तर पाकिटातच. रोख पैसे देताना ते काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. इझाकायामध्ये, म्हणजे दारू आणि सोबत खाणं मिळणाऱ्या जपानी ठिकाणी, बसताच न मागवलेली छोटी वाटी येते, तिचे माणशी काहीशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नसून तिथली रीत आहे. वाद घालू नका.

आता शाकाहार, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची खरी अडचण इथे होते आणि याद्या ‘पदार्थात बदल मागणं उद्धटपणा आहे’ एवढं सांगून मोकळ्या होतात. अडचण शिष्टाचाराची नाही, स्वयंपाकाची आहे. तिथल्या पुष्कळ पदार्थांचा पाया दाशी हे पाणी असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेलं असतं. मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरचं पातळ सॉस, शिजवलेल्या भाज्या, इनारी सुशीचं तोफूचं आवरण, या सगळ्यांत ते येऊ शकतं. ते सकाळीच करून ठेवलेलं असतं, म्हणून आयत्या वेळी ‘मासा काढून द्या’ म्हटलं तर स्वयंपाकघराच्या हातात काही नसतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणालात तर मांसाचे तुकडे नसलेला पदार्थ येईल, रस्सा तोच. जागा राखून ठेवतानाच, निदान दोन-तीन दिवस आधी, जपानीत लिहून कळवा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको, अंडी-दूध चालतं की नाही. शक्य नसेल तर ते आधीच सांगतील आणि तुम्हाला दुसरी जागा शोधता येईल. देवळांच्या परंपरेतलं शोजिन जेवण मूळचं शाकाहारी आहे, त्यात दाशी समुद्री शेवाळ आणि मशरूमची असते. क्योतो आणि कोया पर्वतावर ते मिळतं. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनाही तेच सोयीचं.

बूट काढायचे हे सगळे सांगतात, कसे ते कुणी सांगत नाही. दाराच्या आत एक खालचा टप्पा असतो आणि पुढे पायरी. पायरीकडे तोंड करून बूट काढा आणि पाऊल थेट वर ठेवा. मोजे खालच्या फरशीला लागले तर बाहेरची धूळ घरात आणल्यासारखंच. वर गेल्यावर वळून, खाली बसून बूट हाताने दाराकडे तोंड करून कडेला लावा. यजमानाकडे पाठ करून काढू नका. सपाता लाकडी जमिनीपुरत्या असतात, तातामीच्या (गवती चटईच्या जमिनीच्या) कडेला त्याही काढायच्या. शौचालयाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून खोलीत येणं ही फार सामान्य चूक आहे. तातामीवरून चाकांची बॅग ओढू नका, उचलून ठेवा. चाकांनी चटई खरोखर खराब होते. वडिलांना खाली बसता येत नसेल तर खुर्चीची जागा मागा. गुडघे दुमडून बसण्याची सक्ती पाहुण्यावर कुणी करत नाही.

गरम पाण्याच्या कुंडात मात्र नियम म्हणजे नियम, कारण सगळे एकाच पाण्यात बसतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंघोळ, फेस धुऊन टाकायचा, केस बांधायचे, मग कुंडात. पोहण्याचे कपडे नकोत. छोटा टॉवेल पाण्यात नाही, डोक्यावर किंवा काठावर. बाहेर पडताना कपडे बदलण्याच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी त्याच टॉवेलने अंग टिपून घ्या, नाहीतर तिथली जमीन निसरडी होते. आईवडिलांना परक्यांसमोर विवस्त्र होणं जमणार नसेल तर तासाच्या हिशेबाने मिळणारं खासगी कुंड राखून ठेवा, पुष्कळ र्‍योकानमध्ये असतं. टॅटूबद्दल आधी विचारा: जपानच्या पर्यटन विभागाच्या २०१५ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे ५६ टक्के ठिकाणांनी प्रवेश देत नसल्याचं सांगितलं होतं.

काही सल्ले जुने झालेत. ‘सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभं राहा, दुसरी बाजू चालणाऱ्यांना सोडा’ हे अजून सर्वत्र वाचायला मिळतं. सवय आहेच, पण साइतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोयाने ऑक्टोबर २०२३ पासून जिन्यावर न चालता उभं राहण्याचा नियम केला आहे. दंड नाही, तरी चालू नका. वडीलधारी बरोबर असताना तेच सुरक्षितही आहे.

मला खरी चीड येते ती याद्यांत जे नसतं त्याची. वसाबीवर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि रहिवाशांच्या खऱ्या तक्रारींवर एक ओळ नाही. राखून ठेवलेल्या जेवणाला न कळवता न जाणं हे छोट्या हॉटेलवाल्याचं थेट नुकसान आहे. आठ खुर्च्यांच्या दुकानात तुमच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आणलेला माल वाया जातो. रेल्वेत हळू बोललेलं चालतं, पण फोनवर बोलणं आणि स्पीकरवर व्हिडिओ लावणं नको, आणि पाठपिशवी पुढे घ्या. क्योतोच्या गिओन या जुन्या वस्तीत खासगी गल्ल्यांत फोटोला मनाई आहे, काही गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना प्रवेशच नाही, आणि फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. वाटेने जाणाऱ्या गेइको-माइकोंना (पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत आणि त्यांच्या शिकाऊ मुली) अडवून फोटो काढू नका.

सामानाचंही तसंच. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि २५० पर्यंत असलेल्या बॅगेसाठी विशिष्ट आसन आधी राखावं लागतं. त्याला जादा पैसे नाहीत, पण न राखता नेली तर १,००० येन. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा १५८ असते, त्यामुळे साधी बॅग बसते, तरी घरी टेप लावून मोजा. क्योतोच्या शहर बसमध्ये मोठ्या बॅगा घेऊन चढू नका, आधीच उभं राहायला जागा नसते. हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्क्यूबिन’ (सामान घरपोच पाठवण्याची सेवा) म्हणा आणि पुढच्या हॉटेलचा पत्ता द्या. टोकियोहून क्योतोला बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि आईवडिलांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.