सोलापुरात प्रिंटेड इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे शाईने सर्किट छापायचा धंदा उभा राहील का? बी.ई. झालोय, पुण्याला जायचं नाही.

राहील, पण आधी ती सर्किट छापलेली 'स्मार्ट चादर' नि टॉवेल डोक्यातून काढा. मला दर महिन्याला कुणीतरी तेच विचारतं. टॉवेलच्या लूपवर चांदीची शाई सलग बसत नाही, आणि बसली तरी धुण्यात रेघ तुटते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून छपाई करतो. आधी टॉवेलवर हॉटेलांची नावं छापायचो, आता मेम्ब्रेन कीपॅडही. वजनकाट्यावरची ती पातळ बटणं असतात ना, त्यांच्या आत पॉलिएस्टर फिल्मवर चांदीच्या शाईने छापलेलं सर्किट असतं. शुगर तपासायच्या पट्टीवरचे कार्बनचे इलेक्ट्रोड, सोलर सेलवरच्या बारीक चंदेरी रेघा, हेही बहुतेक जाळीतूनच छापतात. फ्रेम, जाळी, शाई ओढायची रबरी स्क्विजी... सोलापूरच्या पूर्व भागातल्या छपाईवाल्याला यात नवं काय?

नवं आहे ते मोजमाप. माझी पहिली ऑर्डर २०० नगांची. शाई बोटाला कोरडी लागली म्हणून माल भट्टीतून लवकर काढला. मल्टीमीटर लावला तर रेझिस्टन्स हवा त्याच्या कितीतरी पट. आमच्या शाईला १२०-१३० अंशांवर पुरेसा वेळ लागतो. आतलं सॉल्व्हंट उडाल्याशिवाय चांदीचे कण एकमेकांना टेकत नाहीत. सगळा माल भंगारात गेला, चांदीसकट! आणि मे महिन्यात उलटी तऱ्हा: ४२ अंशांत शाई जाळीतच वाळते. शेवटी खोलीला एसी बसवला. घरी अजून कूलरच आहे.

इंग्लंडमध्ये डरहम परगण्यातल्या कोळसा खाणी बंद पडल्या. तिथेच सेजफील्डला २००९ मध्ये प्रिंटेबल इलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उघडलं. महागडी यंत्रं केंद्राची, नमुने कंपन्यांनी तिथे करून बघायचे. आपल्याकडे आयआयटी कानपूरला फ्लेक्सिबल (वाकणाऱ्या) इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, पण ५० नमुन्यांसाठी कानपूर कोण गाठणार? गिरण्या आपल्याही बंद पडल्या. सोलापुरात अडतंय ते याच सामायिक सोयीपाशी. चांगली भट्टी आणि तपासणीची यंत्रं एकट्याला झेपत नाहीत. दहा जणांत झेपतील, पण आमचे दहा जण एकमेकांना रेटसुद्धा सांगत नाहीत.

तुम्ही मशीन घेऊ नका. सहा महिने एखाद्या छपाईवाल्याकडे हात काळे करा, आणि जाताना मल्टीमीटर स्वतःचा न्या. त्याच्याकडे बहुधा नसेल.