न्यू जर्सीत ब्रोकोली कधी लावायची? फ्रॉस्ट (पानांवरचं दव गोठवणारी थंडी) संपेपर्यंत थांबू का?

थांबू नका. तो नियम टोमॅटो-मिरचीचा. ब्रोकोली कोबीच्या घराण्यातली, हलका फ्रॉस्ट सहज सोसते. मध्य जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट साधारण एप्रिलअखेर धरा. मार्चच्या सुरुवातीला घरात बी पेरा, एप्रिलच्या मध्यावर चार-पाच पानांची रोपं वाफ्यात लावा. त्याआधी आठवडाभर दिवसा बाहेर ठेवून वाऱ्या-उन्हाची सवय करा.

फार घाईही नको. कोवळ्या रोपांना सलग आठ-दहा दिवस १० अंश सेल्सिअसखालची थंडी लागली, तर बटणाएवढेच गड्डे धरतात. उशीर झाला, तर जूनच्या उन्हात पिवळी फुलंच हाती.

मला विचाराल तर खरं पीक शरदातलं: जूनअखेर बी, ऑगस्टच्या सुरुवातीला लावणी. ऑक्टोबरच्या थंडीत गड्डा गोडसर होतो. पांढरी फुलपाखरं घिरट्या घालू लागली, की पानांखाली हिरव्या अळ्या शोधा.