वाचक विचारतात : कॅल्शियमची गोळी केव्हा आणि किती?

प्रश्न : माझे वय ५८ असून गेली नऊ वर्षे मी थायरॉइडची गोळी घेते. पाठ दुखते म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी सांगितलेली कॅल्शियमची गोळी सुरू केली. विसर पडू नये म्हणून सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची, पित्ताची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या एकदमच घेऊन टाकते. यंदाच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी थायरॉइडची मात्रा ७५ वरून १०० मायक्रोग्रॅम केली. कॅल्शियमच्या पट्टीवर एके ठिकाणी १२५० आणि दुसरीकडे ५०० असे छापले आहे. त्यातला खरा आकडा कोणता?
— एक वाचक भगिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आकड्यांचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे, परंतु मला काळजी वाटते ती तिन्ही गोळ्या एकदम घेण्याची. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतील औषधाला, धरून ठेवते आणि त्यामुळे थायरॉइडच्या गोळीचा काही भाग रक्तात न पोहोचताच शरीराबाहेर जातो. आपले टीएसएच वाढण्याचे हेच एकमेव कारण असेल असे पत्रावरून सांगता येणार नाही, पण संशय घेण्याजोगे ते पहिले कारण नक्कीच आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावा आणि कॅल्शियम किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे.

येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपली मात्रा १०० झाली ती कॅल्शियमचा अडथळा असताना. उद्यापासून तो अडथळा दूर केला, तर तीच १०० मायक्रोग्रॅमची गोळी आपल्याला जास्त होऊ शकते, आणि मग छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे, वजन उतरणे असे त्रास सुरू होतात. शिवाय थायरॉक्सिन दीर्घकाळ जास्त झाले, तर ज्यांच्यासाठी कॅल्शियम चालू केले ती हाडेच विरळ होतात. म्हणून वेळ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सर्व हकिगत सांगावी, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे आणि तोपर्यंत मात्रा आपल्या मनाने कमी करू नये.

आता आकड्यांकडे वळू. दोन्ही आकडे खरे आहेत. १२५० हे कॅल्शियम कार्बोनेट या संयुगाचे वजन आहे आणि त्यातून मिळणारे शुद्ध कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचा वाटा साधारण ४० टक्के असतो. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या संयुगात तो २१ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाची सायट्रेटची गोळी जवळजवळ निम्मेच कॅल्शियम देते. हिशेब नेहमी शुद्ध कॅल्शियमचा करावा. शरीर एका वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियम चांगले शोषते, म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्यात फारसा लाभ नसतो. कार्बोनेट विरघळण्यासाठी पोटातील आम्ल लागते, आणि आपण तर आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी रोज घेता. अशा वेळी कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यावे किंवा सायट्रेट चालेल का ते डॉक्टरांना विचारावे. पित्ताची गोळी खरोखर रोज हवी आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

गोळी हवी की नको, हे ताटावरही अवलंबून आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या ज्वारीच्या भाकरीत इतर गुण पुष्कळ आहेत, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेच एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात, सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. एक पेला दूध, दोन वाट्या दही, भाकरीला लावलेले किंवा चटणीत कुटलेले बिनसोललेले तीळ आणि एखादी पालेभाजी एवढे रोज पोटात जात असेल, तर उरलेली तूट भरायला बहुधा एक गोळी पुरते. मात्र पाठदुखी म्हणजे कॅल्शियमची कमतरता, हे समीकरण माझ्या मते आपल्याकडे फारच सैल हाताने मांडले जाते. पाठ आधी तपासून घ्यावी.

प्रश्न : रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघाल्यामुळे मला आठवड्यातून एक, अशा ६०,००० युनिटच्या आठ पुड्या दिल्या होत्या. गुडघ्यांना बरे वाटले म्हणून मी औषधाच्या दुकानातून आणून त्या वर्षभर चालू ठेवल्या. सोबत कॅल्शियम आणि मल्टिव्हिटामिनही घेतो. हे चालू ठेवावे का? शिवाय सोलापूरच्या उन्हात ड कमी पडतेच कसे?
— एक निवृत्त कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : पुडी आजच थांबवावी. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक युनिट होतात. निरोगी प्रौढाने देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० युनिट मानली जाते. कमतरता भरून काढण्यासाठी ठरावीक आठवडे मोठी मात्रा देणे योग्यच असते, पण तो उपचार असतो आणि त्याला शेवट असतो. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे जास्तीचे ड लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते आतड्यातून अधिक कॅल्शियम ओढून घेते आणि रक्तातील कॅल्शियम वाढत जाते. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, थकवा आणि पुढे गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. आपल्या गावात एप्रिल-मे महिन्यात तहान आणि थकवा यांचे खापर उन्हावर फुटते, त्यामुळे ती सहज निसटतात. रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्यावी. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तीही कॅल्शियम शरीरात रोखून धरते, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मल्टिव्हिटामिनमध्येही बहुधा ड आणि थोडे कॅल्शियम असतेच, म्हणून सगळ्या पट्ट्या व पुड्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत.

उन्हाविषयीची आपली शंका रास्त आहे. त्वचेत ड तयार होते ते अंगावर थेट पडणाऱ्या उन्हाने. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण जवळजवळ नसतात, आणि पारा ४२ वर गेला की आपण सारे घरात, कारखान्यात नाहीतर डोक्यापासून पायापर्यंत झाकून असतो. शिवाय वयाबरोबर त्वचेची ही क्षमता घटते.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. सरकारी दवाखान्यातून तिला लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी मिळाली आहे. दोन्ही एकदम घेतल्या तर चालतील का? त्यापेक्षा पानाचा चुना गव्हाएवढा द्यावा, असे एक जण म्हणतात.
— एक वाचक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : एकदम देऊ नयेत. लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते आणि कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. सरकारी पद्धतीनुसार चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, वेगवेगळ्या वेळी, जेवणानंतर घ्यायच्या असतात आणि बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात. दोन्ही जेवणांनंतर एकेक कॅल्शियमची आणि त्यापासून किमान दोन तास दूर लाल गोळी, अशी वाटणी करावी. लाल गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. लाल गोळीने शौचाला काळे होईल, त्याला घाबरू नये.

चुना मात्र देऊ नये. त्यात कॅल्शियम असते हे खरे, पण गव्हाएवढा म्हणजे नेमका किती हे दर वेळी बदलते, तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि मोजून दिलेली गोळी दवाखान्यात फुकट मिळते आहे.

प्रश्न : मुतखडा झाल्यापासून मी दूध-दही सोडले आहे. बरोबर केले का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत नाही. जेवणातील कॅल्शियम पालक, शेंगदाणे यांतील ऑक्झलेट या खडा बनवणाऱ्या घटकाला आतड्यातच बांधून ठेवते, त्यामुळे दूध-दही सोडल्यास ऑक्झलेट मूत्रपिंडात अधिक जाते आणि खड्याची शक्यता उलट वाढते. शेंगाचटणी खाणारच असाल, तर ती दह्याबरोबर खावी. गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी खड्याचा धोका काहीसा वाढल्याचे आढळले आहे, म्हणून त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि दिल्याच तर जेवणाबरोबर घ्याव्यात. मूत्रपिंडाचा दुसरा काही आजार नसेल, तर दिवसभरात किमान दोन लिटर फिकट लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हाळ्यात त्यासाठी तीन लिटर पाणीसुद्धा कमी पडू शकते.