शिल्पाविषयी विचारा : काळी माती, पळस आणि नागपूरचा मे

प्रश्न : ताई, अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराच्या कामाचे फोटो मुलीने दाखवले. पानं, बर्फ, काटे, दगड, एवढंच त्याचं सामान, आणि केलेलं काम वितळून नाही तर उडून जातं. सुंदर आहे, पण जे टिकतच नाही त्याला शिल्प का म्हणायचं? शिवाय हे थंड, हिरव्या मुलखातलं काम. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत कोणी काय करणार?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : उन्हाचं आधी बोलते. गोल्ड्सवर्दी (जन्म १९५६) बरीच वर्षं स्कॉटलंडमधल्या पेनपाँट या खेड्यात राहतो. बर्फाच्या कांड्या मोडून, थुंकीने ओल्या करून तो एकमेकींना चिकटवतो. ऊन वर आलं की जोड सुटतात, म्हणून हे काम कडाक्याच्या थंडीत, पहाटेच करावं लागतं. म्हणजे कामाची वेळ, हत्यार, घाई हे सगळं तिथली हवा ठरवते. आपण त्याच्याकडून घ्यायचं ते हे. बर्फ त्याचा त्यालाच राहू द्या.

आपल्याकडे मे महिना आहे आणि काळी माती आहे. मूर्तिकार या मातीला वैतागतात, कारण ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. मी ही माती चाळून, कालवून, अंगणात जुन्या दाराच्या फळीवर बोटभर जाड थापते. दुपारपर्यंत कडा फळी सोडून उचलायला लागतात. संध्याकाळी केसासारख्या रेघा दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाच-सहा बाजूंचे तुकडे झालेले असतात, प्रत्येकाच्या कडा वर वळलेल्या, आणि नखाने टिचकी मारली तर खापरीसारखा आवाज येतो. त्यात मुरमाची भुकटी मिसळली की भेगा बारीक आणि जवळजवळ पडतात. म्हणजे भेग कुठे पडेल ते हातात नसलं, तरी कशी पडेल ते थोडंफार हातात असतं. गोल्ड्सवर्दीही मातीने भिंती लिंपतो आणि त्या तडकू देतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ साली त्याने छताला आडवा टांगलेला झाडाचा बुंधा आणि वरचं छत असंच मातीने मढवलं. ते बघताना मला विदर्भातली एप्रिलमधली वावरं आठवतात, आणि खरं सांगते, हेवा वाटतो. एवढी माती आपल्या पायाखाली असून आपण ती शिल्पात आणली नाही.

पानांचंही तसंच. तो पानं काट्यांनी एकमेकांना टाचतो. पळसाच्या पानांची पत्रावळ लावणाऱ्या आपल्या बायांनी हे तंत्र कधीच पक्कं केलंय. काडी शिरेच्या बाजूने घालायची, शिरेतून नाही, नाहीतर पान वाळताना फाटतं. माझ्या शेजारच्या आजींनी मला हे शिकवलं. फाल्गुनात गळलेलं पान सकाळी चामड्यासारखं लवचिक असतं, अकरानंतर हात लावला की चुरा. तेव्हा पानांचं काम सकाळीच उरकायचं.

आता टिकण्याचं. तुम्ही नागपूरकर आहात, मारबत बघितली असेलच. बांबू आणि कागदाची केवढी मोठी आकृती, तिच्यापायी कारागिरांची किती दिवसांची मेहनत, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून ती जाळायची. ती जळणार म्हणून तिचा कारागीर हात आखडता घेत नाही. शिवाय गोल्ड्सवर्दी फक्त क्षणभराचंच करतो असंही नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग कला केंद्रात १९९७-९८ मध्ये त्याने २,२७८ फूट लांबीची, चुना-सिमेंटशिवायची दगडी भिंत उभारली. दगड त्याच आवाराचे. भिंत शेताच्या एका पडक्या जुन्या बांधाच्या रेषेवरून निघते, प्रत्येक झाडाला वळसा घालत तळ्यात उतरते आणि पलीकडे पुन्हा वर येते. एकही झाड न तोडता.

प्रश्न : मी शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नागपूरची ओळख सांगणारं शिल्प करायचंय. संत्रं, वाघ आणि झिरो माइल सोडून काय करता येईल?
– एक विद्यार्थिनी, काटोल रोड

उत्तर : तिन्ही सोडलंस, बरं केलंस. आता विषय शोधू नकोस, दगड शोध. आपलं शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेला लाव्हारसाचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा पट्टेदार खडक. सीताबर्डीच्या टेकडीत खाली हा जुना खडक, मध्ये लॅमेटाचा, म्हणजे लाव्हा येण्याआधी साचलेल्या गाळाचा थर आणि वर काळा पाषाण, असा क्रम सापडतो. कामठीकडे वालुकाश्म. काळ्या पाषाणावर छिन्नी बोथट होते, वालुकाश्म मऊ, छिन्नीचं ऐकतो. मनसरला सापडलेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली वाकाटककालीन शिवमूर्ती वालुकाश्मातलीच आहे. तिच्या गालांची गोलाई काळ्या दगडात काढून बघ, म्हणजे दगडाचा मूर्तीत किती वाटा असतो ते हाताला कळेल. रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ उभं केलं ते सिमेंटमध्ये तिथलीच तांबडी जांभ्याची खडी घालून. त्या शिल्पाचा खरबरीतपणा त्या खडीतून आलाय.

तू काटोल रोडला राहतेस, तर जुनापाणीची शिळावर्तुळं बघून ये. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी काळ्या पाषाणाचे गोटे वर्तुळात मांडले, आत माती-मुरूम भरला. काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, ते वाकून बघ. इंग्लंडचा रिचर्ड लाँग हा शिल्पकार चालत जातो आणि वाटेतले दगड वर्तुळात मांडतो. जगभर त्याचं नाव आहे. त्याने वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यासोबत २००३ साली जर्मनीत प्रदर्शनही केलं. लाँग बघायला पुस्तक उघडावं लागतं, जुनापाणी तुझ्या घरापासून गाडीवर जाण्याएवढं जवळ आहे.

तिथला एकही दगड हलवू नकोस, ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा आहे. दगड हवा असेल तर जिथे घराचा पाया खणतायत तिथे ठेकेदाराला विचार. काळ्या पाषाणाचे डबर निघालेले असतात आणि ते उचलून न्यायला त्याला पैसे मोजावे लागतात, त्यामुळे तो खुशीने देईल. सुरुवातीला दोन माणसांना उचलता येतील एवढेच घे, आणि पावसाआधी आण. एकदा काळी माती भिजली की गाडी आत जात नाही.