कात्री सगळ्यात शेवटी

प्रिय मुली,

बाबांचे सात शर्ट पलंगावर मांडून बसली आहेस, गोधडी शिवायची की उशीचे अभ्रे हे ठरत नाही, आणि कात्री उचलली की रडू येतं, असं लिहिलंस. मग कात्री ठेवून दे. तिचं काम सगळ्यात शेवटी.

आधी धाकट्या भावाला विचारलंस का? पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही! त्याला एखादा शर्ट अख्खा हवा असेल. कापलेलं कापड पुन्हा शर्ट होत नाही, हे किती वेळा सांगू?

एक शर्ट न धुता हवाबंद पिशवीत ठेव. वास हळूहळू विरेलच, पण धुतलास तर त्याच दिवशी जाईल. बाकीचे धुवायलाच हवेत, कारण घाम आणि अंगाचं तेल कापडात राहिलं की पुढे पिवळे डाग उमटतात. कंडिशनर घालू नकोस, त्याने अस्तर नीट चिकटत नाही. गोधडीच्या पाठीला लावायचं नवं सुती कापडही आधी धू. बाबांचे शर्ट आटायचे तेवढे आटलेत, ते नवं कापड नंतर आटेल आणि गोधडी चुरगळेल.

आता प्रत्येक शर्ट उजेडासमोर धर. कॉलरची घडी, कोपर, काखा. जिथून उजेड जास्त येतो तिथलं सूत झिजलंय, आणि झिजलेला तुकडा शिलाईच्या रेषेवरच फाटतो. तो टाकायचा नाही, मागून मलमल लावायची. त्यात टी-शर्ट असेल तर ताणला जाऊन चौकोन वाकडा होतो, म्हणून कापण्याआधी त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लाव. इस्त्री सरकवू नकोस, उचलून दाबत जा. टेरिकॉटवर ती मंदच हवी. एकदा चकाकी आली की जात नाही.

कात्री अजूनही लांबच. हिशेब कागदावर मांड. तयार चौकोन 6 इंच, चारही कडांना पाव इंच शिलाई, म्हणजे कापायचा साडेसहा. आडवे 8, उभे 10, एकूण 80 चौकोन, गोधडी 48 बाय 60 इंच. पूर्ण बाह्यांच्या मोठ्या शर्टातून साधारण 15 निघतात, सगळ्यात जास्त पाठीतून. उरलेल्या सहा शर्टांत जमेल, पण भावाने एक मागितला तर पुरणार नाही. मग गोधडी लहान कर, त्याच्याशी वाद घालू नकोस. दोनच शर्ट उरले तर अभ्रे. बटणपट्टी मध्ये ठेवलीस की उशी घालायला वेगळी चेनही लागत नाही.

पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन कापून शर्टावर फिरव, खडूने सगळे आखून घे, फोटो काढ, एक रात्र जाऊ दे. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत, घाईत आडव्या कापलेल्या खिशाला कुणाकडेच उपाय नसतो.

मग काप. जुन्या शिवणी उसवत बसू नकोस, विरलेलं कापड तिथेच फाटतं. शिवणीच्या कडेने काप. चौकोन एकमेकांना जोडून पाठीच्या कापडावर थर मांडल्यावर दर चार इंचांवर सेफ्टी पिन लाव आणि धावदोरा मधून कडेकडे घाल, नाहीतर मध्ये फुगवटा राहतो.

खिसा आखताना तो चौकोनाच्या मधोमध येऊ दे. धावदोरा त्याच्या भोवतीने फिरव, वरून नको. त्यात हात जायला हवा.