लाइन गेली, मग कोणत्या चौकटीत?

यूएमएलच्या सगळ्या आकृत्या प्रोजेक्टला काढाव्याच लागतात का? (विद्यार्थिनी, वरूड)

नाही. यूएमएल ही सॉफ्टवेअरचा आराखडा काढायची चित्रभाषा. तिच्या 2.5 आवृत्तीत आकृत्यांचे 14 प्रकार आहेत, म्हणून 14 पानं भरायची नसतात. किती हव्यात ते गाइडला विचारा, सीनियरला नव्हे.

एक जण आकृत्यांसकट तयार प्रोजेक्ट विकतो. घ्यावा का? (आर्वी)

असा एक माझ्याकडे आला होता. विषय वाचनालय, आकृतीत हॉटेलचं बिल! ड्रॉ.आयओ आणि प्लांटयूएमएल ही आकृत्या काढायची साधनं फुकट आहेत, स्वतः काढा.

मोबाइलवरून विहिरीची मोटर चालवणारं यंत्र बनवतोय. अवस्था-आकृतीत 'चालू' आणि 'बंद' पुरे ना? मित्र म्हणतो, आधी कोड, आकृती मागून. (दारव्हा)

अवस्था-आकृतीत एक चौकट म्हणजे यंत्राची एक अवस्था, आणि बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणं. दोन चौकटी बल्बला पुरतात. हा प्रश्न सारखा येतो आणि दरवेळी आकृतीत लाइन कधी जातच नाही! मोटर चालू असताना लाइन गेली, तासाभरानं आली, तर यंत्र कोणत्या चौकटीत जागं होणार? 'चालू'मध्ये? स्टार्टरला ऑटो लावून लोक तेच करतात. तेवढ्यात कोणी फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरला असेल तर? म्हणून 'लाइन आली, थांबलोय' अशी वेगळी चौकट हवी, आणि तिथून 'चालू'कडे जाणाऱ्या बाणावर माणसाच्या होकाराची अट. तीनपैकी एक फेज गेला तर? विहिरीचं पाणी उतरलं तर? रेंज नसल्यानं 'चालू कर' हा मेसेज मध्यरात्री पोचला तर? प्रत्येक चौकटीपुढे प्रत्येक घटना ठेवून पाहा. एखादा बाण काढायचा राहिला की मोटरचं वाइंडिंग जळतं, आणि ते तुमच्या बाबांच्या वावरातलं असतं. डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये मांडलेल्या स्टेटचार्ट या सुधारित अवस्था-आकृतीत मोठ्या चौकटीत लहान चौकटी बसतात. 'लाइन गेली' हा बाण बाहेरच्या चौकटीवरून एकदाच काढला की झालं. कोडनंतर काढलेली आकृती म्हणजे परीक्षकासाठी रांगोळी. मित्राला सांगा. आणि ही आकृती जाणत्या वायरमनला दाखवल्याशिवाय खऱ्या मोटरला तार जोडू नका.

सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकरी आणि सातबारा एकाच टेबलात ठेवले तर? (गटसचिव, दर्यापूर)

फसाल. एका शेतकऱ्याचे सातबारे अनेक, एका सातबाऱ्यावर खातेदार अनेक. मध्ये तिसरं टेबल लागतं, आणि कोणाचा हिस्सा किती ते त्यातच बसतं. पीटर चेन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या ईआर आकृतीत, म्हणजे कशाची माहिती ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय ते दाखवणाऱ्या चित्रात, हे पाच मिनिटांत दिसतं. 'डेटा भरून घ्या, मग बघू' म्हणणाऱ्या डेव्हलपरला अॅडव्हान्स देण्याआधी ती आकृती मागा. वारसांच्या नोंदी कशा धरायच्या, ते मात्र तलाठ्यांना विचारूनच ठरवा.