पत्रकाराला पुस्तक लिहायचं असेल तर नोकरी सोडावी लागते का?

नोकरी सोडलीच पाहिजे असं नाही, पण सलग वेळ आणि फिरण्याचा खर्च कुणीतरी उचलायला हवा, आणि तो पुस्तकाच्या मानधनातून जवळजवळ कधीच निघत नाही. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांचंच पाहा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकातलं डेप्युटी एडिटरचं पद सोडून त्यांनी 1993 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ची फेलोशिप घेतली, देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत गावोगाव फिरले आणि तिथून पाठवलेले वृत्तान्त वर्तमानपत्रात छापून येत राहिले. 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' हे त्यांचं 1996 चं पुस्तक त्याच वृत्तान्तांतून उभं राहिलं. म्हणजे आधी बातमीदारी, मग पुस्तक. आणि माझ्या मते हाच क्रम सगळ्यांत भरवशाचा. अमेरिकन पत्रकार कॅथरीन बू यांनीही मुंबई विमानतळाजवळच्या अण्णावाडी वस्तीत काही वर्षं बातमीदारी केली, तेव्हा कुठे 2012 मध्ये 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' हे पुस्तक आलं. पण त्याआधी 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'न्यूयॉर्कर'मधल्या कामाचं बळ त्यांच्या पाठीशी होतं.

मी मराठी पुस्तकांचं संपादन करतो, म्हणून हिशेबही सांगतो. 300 रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या आणि 10 टक्के मानधन ठरलं असेल, तर हातात 30,000 रुपये येतात, तेही हप्त्याहप्त्याने. एवढ्यावर घर चालत नाही. तेव्हा आधी रजा, फेलोशिप किंवा लेखमालेची सोय लावा. फक्त एक: विषय तुमच्याच संस्थेला अडचणीचा असेल, तर मात्र नोकरीत राहून ते पुस्तक होणं कठीण.